दारव्ह्याहून लंडन : काय पाहायचं, काय घ्यायचं

साशंक : बाई, तुम्हाला सरळच विचारतो. आपल्या दारव्ह्यातून, दिग्रसमधून, यवतमाळातून आता माणसं युरोपला जायला लागली. जावं त्यांनी, कोणाच्या पायात बेडी घालावी असं मी म्हणत नाही. पण जातात कशी ते पाहा. टूरचं पत्रक वाचलं की सगळं कळतं. लंडनला दोन रात्री. पहिल्या दिवशी बसमधून बिग बेन, वेस्टमिन्स्टर, बकिंगहॅम पॅलेस. उतरायचं, फोटो काढायचा, परत बसायचं. दुसऱ्या दिवशी टॉवर ऑफ लंडन, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, आणि संध्याकाळी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर शॉपिंगला मोकळा वेळ. तिसऱ्या दिवशी पहाटे सामान बसमध्ये. नवरा-बायकोचे यात काही लाख जातात. आमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कापसाचे कितीतरी हंगाम मिळूनही तेवढी शिल्लक पडत नाही. आणि हाती काय येतं? फ्रीजला चिकटवायचे चुंबक, चॉकलेटची पाकिटं आणि मोबाइलमधले फोटो. त्या फोटोंत आपला चेहरा सोडला तर बाकी सगळं कोणीतरी आपल्याहून चांगलं काढून ठेवलेलं असतं. याला मी पाहणं म्हणत नाही. ही हजेरी झाली.

हौशी : हजेरी लावायला गेलेल्या माणसालाही तिथं काहीतरी दिसतं, भाऊ. मी टूरनेच गेले होते. टॉवर ऑफ लंडनमध्ये राजमुकुट ठेवलेत त्या दालनात माणसांना उभं राहू देत नाहीत. पायाखाली सरकता पट्टा असतो. काचेमागं एकेक मुकुट येतो आणि जातो. त्यात राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आईचा, १९३७ सालचा मुकुट येतो, त्याच्या समोरच्या बाजूला कोहिनूर. मला वाटलं होतं डोळे दिपतील. दिपले नाहीत. आजूबाजूच्या हिऱ्यांत तो चटकन ओळखूही येत नाही. कारण लाहोरहून आला तेव्हा तो १८६ कॅरटचा होता, आणि १८५२ साली त्यांच्या डोळ्यांना चमक कमी वाटली म्हणून घासून १०५ कॅरटचा केला. फोटो काढायला बंदी, त्यामुळे पट्ट्यावरचे सगळेजण निमूट बघत होते. पट्टा संपला तशी मी वळसा घालून पुन्हा आले. पंढरपूरला बारा-चौदा तास रांगेत उभं राहून विठोबासमोर माणूस किती वेळ असतो? पुजारी पुढे ढकलतोच ना? पण म्हणून त्या माणसाला दर्शन झालं नाही असं आपण म्हणत नाही. वेळ थोडा मिळाला एवढ्यावरून पाहणं खोटं ठरवू नका.

साशंक : पंढरपूरला जाणाऱ्याचं आणि विठोबाचं नातं आधीपासून असतं, म्हणून तो क्षण पुरतो. तुमचं आणि कोहिनूरचं नातं काय? दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून १८४९ साली तहात लिहून घेतलेला दगड तो. तो बघायला तुम्ही पौंडात तिकीट काढता. गेला तेव्हा एकदा किंमत मोजली, आता बघायची किंमत मोजायची.

पंजाबचं राहू द्या, वऱ्हाडाचं बोलू. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. कापसासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. १८७० साली खामगावच्या कापसाच्या बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा नेला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. आपली शकुंतला रेल्वे तरी कोणासाठी? मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने घातलेली. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी हिची मालकी खासगीच राहिली. तिला ओढणारं वाफेचं इंजिन मँचेस्टरचं, १९२१ सालचं, ते १९९४ पर्यंत दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून धावत होतं. कापूस गाठींनी गेला आणि कापड होऊन परत आला, तो आपणच विकत घेतला. माझ्या मेहुण्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून मला सुती सदरा आणला. कॉलर उलटी करून पाहिलं तर आतल्या पट्टीवर बांगलादेश. कापूस कुठला ते पट्टीवर लिहीतच नाहीत. कोण जाणे, आपल्याकडचाही असेल. एवढ्या लांब जाऊन आपण खरेदी करतो ती कशाची, हे मला कोणी सांगेल का?

हौशी : तुम्ही जे आत्ता सांगितलंत ते ठाऊक असलेल्या माणसाने तर लंडनला जायलाच हवं. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागच्या अंगाला लिबर्टी नावाचं दुकान आहे. काळ्या लाकडाच्या तुळया, उतरती छपरं, आत लाकडी जिने आणि मधोमध चौक. १८७५ साली लिबर्टी नावाच्या गृहस्थाने भाड्याच्या जागेत दुकान थाटलं आणि पूर्वेकडचं रेशीम आणि कापड विकायला लागला. त्या दुकानाचं नाव त्याने ठेवलं होतं ईस्ट इंडिया हाउस. आजची इमारत १९२४ ची. तिचं लाकूड मोडीत काढलेल्या दोन युद्धनौकांचं, आणि त्यांतल्या एकीचं नाव हिंदुस्तान. वरच्या मजल्यावर सुती कापडाचे ठाण मांडलेले असतात. इतकं तलम, इतकी बारीक फुलं छापलेली, की हात लावल्यावर मला क्षणभर ते रेशीम वाटलं. मी चिमटीत धरून घासून पाहिलं, जिनिंगवाले रुईचा धागा बघतात तसं. सूतच होतं. मला त्यातलं काही परवडण्यासारखं नव्हतं, पण तास कुठं गेला कळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तासभर हात लावून काय मिळालं? मला हे मिळालं की कंपनी सरकार गेल्यावरही तिचं नाव एका दुकानदाराला गिऱ्हाईक ओढण्यासारखं वाटलं. राज्य करणं आणि विकणं ही त्या शहरात किती जवळजवळची कामं होती, हे मला त्या दुकानात कळलं. शाळेत मी पंचवीसेक वर्षं इतिहास शिकवला, त्यात ते कधी जाणवलं नव्हतं. म्हणून शॉपिंग म्हटलं की आपण नाक मुरडतो ते मला पटत नाही. राजवाड्यात तुम्हाला दोरीच्या अलीकडे उभं करतात. दुकानात वस्तू हातात घेता येते.

साशंक : घेतली की तिची किंमत द्यावी लागते, आणि ती किंमत कोण ठरवतो ते मी विचारतोय. अलीकडचंच उदाहरण घ्या. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी, त्यांची तलवार लंडनला सोदबीजच्या लिलावात निघाली. २९ एप्रिल २०२५. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली, सुमारे ४७ लाख रुपये पडले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, मिरवणूक निघाली, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण ती तिकडे गेली कशी? १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचा खजिना लुटला गेला, त्यात गेली असावी असा कयास आहे. म्हणजे नेताना कोणी पावती केली नाही, आणि आणताना आपण पावती घेतली. लंडनमधली हीही मराठी खरेदीच म्हणायची, आणि मला तिचा आनंद पुरता होत नाही. सोडवणुकीची रक्कम भरली की माणूस घरी येतो, पण त्याला पकडून नेणारा बाजूलाच राहतो, त्याचं कोणी नावही काढत नाही.

हौशी : सरकारने दुसरं काय करायचं होतं? लिलावात ती कोणा हौशी संग्राहकाने उचलली असती तर पुन्हा शंभर वर्षं कोणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीवर गेली असती. आणि त्या तलवारीची दुसरी बाजू तुम्ही सोडून देताय. ती फिरंग जातीची, सरळ पात्याची. मूठ आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची. पण पातं युरोपात घडवलेलं. पात्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब लिहिलेला आहे, म्हणून तर ती ओळखू आली. म्हणजे अठराव्या शतकात आपला वऱ्हाड-नागपूरचा सरदार युरोपातलं चांगलं पोलाद विकत घेऊन त्याला आपली मूठ बसवत होता. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. तेव्हा युरोपचा माल घेणं म्हणजे हरणं, असं समीकरण मला मांडता येत नाही.

आणि राग येणार असेल तर येऊ द्या, पण हेही बोलायला हवं. याच रघुजींच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालात वर्षामागून वर्ष उतरत होत्या. बंगालातल्या आया अजून मुलांना बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येतील म्हणून झोपवतात. कलकत्त्याच्या इंग्रजांनी तर त्या भीतीने १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याला नावच मराठा डिच पडलं. बंगालातून नागपुरात आलेल्या सोन्याची पावती कोणी केली होती? मी इंग्रजांची वकिली करत नाही. एवढंच म्हणते की लंडनच्या काचेसमोर उभं राहून आपण जो हिशेब मागतो, तो मागताना आपली वहीही उघडी ठेवावी लागते.

साशंक : हे तुम्ही म्हणालात ते बोचलं, पण नाकारता येत नाही. बर्गींची गोष्ट आमच्या शाळेत कोणी सांगितली नाही. तरी दोन्हींत एक फरक मला दिसतो, तो सांगतो. बंगालातून आणलेल्या लुटीचं नागपूरकरांनी मोठं दालन बांधून, बंगाली माणसाला तिकीट लावून, हे बघा आम्ही किती जपून ठेवलंय असं म्हटलं नाही. लंडनचं वेगळेपण यात आहे. तिथं नेलेल्या वस्तूंतून शहराचा लौकिक वाढला, त्या लौकिकाला भुलून आपण जातो, आणि तो पुन्हा वाढवून येतो. साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टिपूचा वाघ आहे. लाकडाचा वाघ गोऱ्या शिपायाच्या नरडीचा घोट घेतोय, दांडा फिरवला की वाघ गुरगुरायचा आणि माणूस विव्हळायचा. श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा नेलेला. ज्याने तो इंग्रजांचा द्वेष म्हणून घडवून घेतला त्याचा वाघ आज इंग्रजांची पोरं खेळणं म्हणून बघतात, आणि बाहेर पडताना त्याच वाघाच्या छापाच्या वस्तू दुकानात विकायला असतात. यातलं बघणं कोणतं आणि विकणं कोणतं, हे मला वेगळं काढता येत नाही.

हौशी : त्याच संग्रहालयातून वाघनखं आली, जुलै २०२४ मध्ये, साताऱ्याला, तीन वर्षांच्या बोलीवर. आपल्याकडे ती कशी आली हे तुम्ही पाहिलंत. पण त्या संग्रहालयाने स्वतः काय लिहून ठेवलंय? साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली असा मजकूर पेटीवर आहे, आणि अफझलखानाच्या वेळची तीच ही वाघनखं, असं सिद्ध करता येत नाही. आपल्या ताब्यातल्या इतक्या मोलाच्या वस्तूबद्दल तिचं मोल कमी करणारी शंका ते स्वतः लिहून ठेवतात. ही सवय मला घ्यावीशी वाटते. ती मोफतही आहे. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल गॅलरी, कुठंच आत जायला तिकीट नाही. तुमच्या टूरच्या पत्रकात तिकिटाच्या जागा आधी असतात आणि या मोफतच्या जागा वेळ उरला तर. चूक पत्रकाची आहे, शहराची नाही.

साशंक : वस्तू खरी की खोटी याबद्दल शंका लिहितात, हे मान्य. वस्तू इथं असायला हवी की नको, ही शंका त्या पाटीवर मला दाखवा. असो. माझं खरं दुखणं वेगळं आहे आणि ते लंडनबद्दल नाहीच. बाई, तुम्ही कारंज्याला कितीदा गेला असाल. गुरुमंदिराला जाता, जैन मंदिरं पाहता. त्या गावाला चार वेशी होत्या, दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस. आपल्या गावच्या नावाची वेस. एवढ्या मोठ्या व्यापारी पेठेने आपल्या गावाकडं तोंड करून दरवाजा बांधला आणि त्याला आपलं नाव दिलं. दारव्ह्यातल्या किती पोरांना हे माहीत आहे? आणि तुम्ही मला परवा अल्डगेट आणि लुडगेटची गोष्ट सांगत होतात.

हौशी : सांगत होते. जुन्या लंडनच्या तटाला ते दरवाजे होते. १७६० च्या सुमारास गाड्यांना अडचण होते म्हणून पाडून टाकले. आता अल्डगेट हे मेट्रोच्या स्टेशनाचं नाव आहे. वेस गेली, नाव राहिलं.

साशंक : नसलेल्या वेशीची गोष्ट सात समुद्रांपलीकडून आणून सांगता, आणि तीस-चाळीस किलोमीटरवरच्या आपल्या नावाच्या वेशीखालून मोटारसायकल काढताना मान वर करत नाही. दारव्हा मोतीबाग स्टेशनचं काय झालं? गाडी बंद होऊन वर्षं झाली. रुळांत गवत वाढलंय. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चाललंय, ती होईल तेव्हा होईल. पण अडीच फुटी रुळांवरून वऱ्हाडचा कापूस कसा गेला, हे सांगणारी जी जागा जगात आहे ती लंडनला नाही, इथं आहे. पाहण्याची एवढी हौस असेल तर इथून सुरुवात व्हायला हवी. जी नजर घरी मिटलेली असते ती हीथ्रोवर उतरल्याबरोबर कशी उघडते?

हौशी : उघडते, आणि का ते सांगते. घरी आपण कामात असतो. कारंज्याला मी जाते ती कोणाच्या तरी लग्नाला, नाहीतर नवस फेडायला. वेशीखालून जाताना माझ्या डोक्यात एसटीची वेळ असते. परगावी माणसाला दुसरं काही काम नसतं, म्हणून तो बघतो. हे काही आजचं नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्यांनी इंग्लंडचा प्रवास लिहिला. पु. ल. देशपांड्यांची अपूर्वाई वाचून आपल्या कितीतरी घरांनी लंडन पाहिलं. मीना प्रभूंच्या माझं लंडनने त्या शहराचे रस्ते आपल्या ओळखीचे केले. ही माणसं तिकडे गेली म्हणून त्यांची इकडची नजर मंदावली, असं कोणी म्हणेल का? आणि उलट बाजूने विचारते. जे लंडनला जात नाहीत ते सगळे दारव्हा वेस बघायला जातात का? घरी बसलेल्याची नजरही मिटलेलीच असते, भाऊ. फक्त तिच्यावर खर्च होत नाही.

मोतीबाग स्टेशन दिसत नाही, कारण तिथं काही सांगणारं कोणी नाही. लंडनमध्ये कित्येक जुन्या घरांवर निळी गोल पाटी दिसते. इथं कोण राहत होतं, कधी, दोन ओळींत. आणि प्रत्येक संग्रहालयाच्या दारात दुकान. त्या दुकानाला तुम्ही मघाशी नावं ठेवलीत. पण मोफत संग्रहालय चालतं त्याला त्या दुकानाचाही हातभार असतो. मोतीबागेवर उद्या कोणी शकुंतलेचं एक चित्र असलेलं पोस्टकार्ड विकायला बसला, तर मी त्याला स्मृतीचा बाजार म्हणणार नाही. मी दहा घेईन.

साशंक : घ्या. पण पोस्टकार्डावर काय छापायचं हे कोण ठरवणार, ते मला बघायचंय. डोंगरातून धूर काढत येणारं गोजिरवाणं इंजिन छापणार, की सरकी काढलेल्या गाठी आणि त्यांचा भाव? गोजिरवाण्या गोष्टीच विकल्या जातात. लंडनलाही तेच होतं. लाल बस, लाल टेलिफोनची पेटी, केसाळ टोपीचे पहारेकरी. कापसाची गाठ चुंबकावर येत नाही.

आणि आणखी एक. जायचं ठरवलं तरी जातं कोण? व्हिसाला बँकेचं सहा महिन्यांचं खातं लागतं, आयकराची विवरणपत्रं मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आमच्यातले कित्येक विवरणपत्र भरतच नाहीत. सातबारा आहे, विहीर आहे, चार बैल आहेत, पण त्या कागदांतून साहेबाला आमची ऐपत आणि परत यायची खात्री दिसायची कशी? नोकरदाराला, पेन्शनवाल्याला, व्यापाऱ्याला सोपं जातं. कापूस पिकवणारा सोडून बाकी सगळे लंडनला जाऊ शकतात. रिव्हेट-कार्नॅक वऱ्हाडात आला तेव्हा त्याला कोणी खातं दाखवायला लावलं नव्हतं.

हौशी : यावर माझ्याकडे उत्तर नाही. मला पेन्शन आहे म्हणून मी गेले, हे खरंच आहे. पण ज्याच्याकडे काहीच नव्हतं असाही एक माणूस तिथं गेला आणि त्याने तिथं खरेदी केली. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथं राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. शेजाऱ्यांपैकी काहींनी वर्दळीची तक्रार केली, स्थानिक नगरपालिकेने संग्रहालयाला परवानगी नाकारली, अपील झालं आणि २०२० साली मंजुरी मिळाली. साधं, अरुंद, तीनचार मजली घर. बाबासाहेब पोटाला चिमटा काढून राहायचे आणि वाचवलेल्या पैशांतून जुनी पुस्तकं घ्यायचे. त्याआधी १९१७ मध्ये परत येताना त्यांच्या पुस्तकांचं जहाज युद्धात बुडालं होतं. तरी पुन्हा घेतली. तीही या शहरातली खरेदीच, आणि ज्यांनी ते घर बघितलं त्यांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवर काय घ्यायचं हा प्रश्न थोडा वेगळा दिसतो. मला दिसला.

साशंक : त्या नावाला टूरच्या पत्रकात ओढू नका. ते शिकायला गेले होते. ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडायच्या वेळेला दारात आणि बंद होईपर्यंत आत. त्यांनी शहर पाहिलं म्हणण्यापेक्षा शहराकडून जे हवं ते काढून घेतलं. आणि ते घेऊन इथल्याच लोकांसाठी उभे राहिले. पाहणं, विकत घेणं याच्या पलीकडे तिसरं काहीतरी त्यांनी केलं. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी तिथं प्रबंध लिहिला तो इंग्रजांच्या चलन धोरणाला जाब विचारणारा होता. त्यांच्याच विद्यापीठात बसून, त्यांच्याच कागदांतून. पर्यटकाला या तिसऱ्या गोष्टीची सोय कुठं आहे?

हौशी : सोय नाही. पण कधी कधी ती आपोआप समोर येते आणि काय करावं ते सुचत नाही. सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या तळघरात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं थडगं आहे. भलं मोठं, दगडी. गाइडने वॉटर्लू सांगितलं, नेपोलियन सांगितला. हाच तो आर्थर वेलस्ली. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावला, आपल्या अकोल्याकडच्या, दुसऱ्या रघुजींच्या फौजेचा त्याने पराभव केला. पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड घेतला. देवगावचा तह झाला. चिखलदऱ्याला सहल नेताना मी मुलांना दरवर्षी त्या किल्ल्याच्या तटावर उभं केलंय. आणि तो माणूस माझ्यासमोर दगडाखाली होता. आमच्या बसमधली बाकीची मंडळी जिना चढून वर गेली होती, बाहेर कॉफीची वेळ झाली होती. मला राग यायला हवा होता का? आला नाही. नमस्कार करावासा वाटायचं कारणच नव्हतं. इतकंच वाटलं की हे मला कोणाला तरी सांगायचंय, आणि इथं सांगण्यासारखं कोणी नाही.

साशंक : मग ते तुम्ही गाइडला का सांगितलं नाही?

हौशी : इंग्रजीत पटकन जुळलं नाही. आणि मनात आलं, याला काय त्याचं.

साशंक : हेच मी म्हणतोय, बाई. तुम्ही तिथलं सगळं लक्ष देऊन ऐकलंत. तुम्ही नेलेली गोष्ट ऐकायला तिथं कोणी नव्हतं. आपण पाहतो आणि घेतो, बोलण्याची पाळी येत नाही. तुमच्यासारख्या इतिहास शिकवणाऱ्या बाईंची येत नाही, तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पिशव्या सांभाळणाऱ्यांची कशी येणार? जर मी गेलोच, तर मी सेंट पँक्रासला ब्रिटिश लायब्ररीत जाईन. इंडिया ऑफिसचे कागद तिथं आहेत. वाचकाचा पास फुकट मिळतो म्हणतात. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणायचे. त्या वेळचे कापसाचे अहवाल काढून बघेन, आपल्या तालुक्याबद्दल काय लिहिलंय ते. पेरा किती, भाव काय, सावकार कोण. ते बघितल्याशिवाय मला बिग बेन बघायचा नाही.

हौशी : फार चांगलं. आणि त्यासाठी टूर तुम्हाला एक तासही देणार नाही, हेही खरं. तुम्ही एकटे जा, मी नावनोंदणी कशी करायची ते विचारून ठेवते. पण माझ्या नणंदेचं काय सांगता? तिने बत्तीस वर्षं एका घरात, एका चुलीपुढं काढली. सासूची, मग नवऱ्याची आजारपणं निस्तरली. आता मुलगा पैसे देतोय, आणि तिला लंडनला जायचंय. तिला अहवाल वाचायचे नाहीत. वेलिंग्टन कोण हे तिला ठाऊक नाही आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. तिला बिग बेनसमोर नऊवारीत फोटो काढायचाय, टेम्सवर बोटीतून जायचंय, आणि एका मोठ्या दुकानात कोणाला न विचारता एक पर्स घ्यायची आहे. मी तिला सांगितलं, परदेशी गिऱ्हाइकाला व्हॅट परत मिळायचा तो त्यांनी २०२१ पासून बंद केलाय, पर्स महाग पडेल. ती म्हणाली, पडू दे. शेजारणींची यादीही तिने केलीय, कोणी तुळशीला पाणी घालणार, कोणी म्हाताऱ्याला जेवण देणार, त्यांना काहीतरी आणायला हवं. तुमच्या हिशेबात हे चुंबक आणि चॉकलेट. तिच्या हिशेबात आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाला तरी लांबून काही आणून देणार आहे. तिला मी म्हणू का, आधी कारंज्याची दारव्हा वेस बघ, मग जा?

साशंक : नाही. तसं म्हणू नका.

हौशी : मग काय म्हणू?

साशंक : तिला जाऊ द्या. तिच्या जाण्याला माझी काहीच हरकत नाही, आणि का नाही ते मला तुमच्याइतकं नीट सांगता येत नाहीये. पण तिची बस पार्लमेंटसमोर थांबेल तेव्हा गाइडने निदान एवढं तरी सांगावं की या इमारतीत बसून तुमच्या गावच्या कापसाची धोरणं ठरली. ते ऐकून तिने पर्स घ्यावी की न घ्यावी, हे तिचं तिनं बघावं.

हौशी : गाइड सांगणार नाही.

साशंक : मग निघायच्या आधी तुम्ही सांगाल?

हौशी : सांगेन. पण तिची उत्सुकता त्याने वाढेल की विरजण पडेल, हे मला आज सांगता येत नाही.